थंडरचा २०२३-२४ चा हंगाम: आधीच्या पराभवांनी त्या तरुण संघाला नेमके काय दिले?

पहाटसराव, नागपूर

नमस्कार.

नागपुरातल्या एका उघड्या सिमेंटच्या मैदानावर मी सतरा वर्षांखालील मुलांना बास्केटबॉल शिकवतो. उन्हाळ्यात सकाळी आठनंतर त्या मैदानावर थांबणे कठीण होते, म्हणून एप्रिलपासून आमचा सराव साडेपाचला सुरू होतो. त्याच सुमारास तिकडे अमेरिकेत संध्याकाळचे सामने सुरू झालेले असतात, त्यामुळे सराव आटोपला की मुले एका मोबाईलभोवती गोळा होऊन एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या ओक्लाहोमा सिटी थंडर संघाच्या सामन्याचा शेवटचा भाग पाहतात.

गेल्या वर्षी माझ्या संघातली मोठी मुले दहावी-बारावीच्या अभ्यासासाठी एकाच वेळी बाहेर पडली आणि चौदा-पंधरा वर्षांची मुले तेवढी उरली. त्या हंगामात आम्ही जवळपास सगळे सामने हरलो, त्यांतला एक तर एकेचाळीस गुणांनी. त्या दिवशी मुले इतकी खचली होती, की परत येताना ऑटोत कोणी कोणाशी बोलत नव्हते. त्यांना धीर यावा म्हणून मी थंडरची हकिकत सांगितली. २०२०-२१ मध्ये, महासाथीमुळे ७२ सामन्यांवर आणलेल्या हंगामात, या संघाने २२ सामने जिंकले. पुढच्या वर्षी ८२ पैकी २४. त्याच वर्षी २ डिसेंबर २०२१ रोजी मेम्फिसने त्यांना १५२-७९ असे, म्हणजे ७३ गुणांनी हरवले, आणि एनबीएच्या इतिहासात एवढ्या फरकाने कोणताही संघ त्याआधी हरला नव्हता. त्यानंतरच्या हंगामात ४० विजय, आणि २०२३-२४ मध्ये एकदम ५७ विजय व पश्चिम विभागात पहिला क्रमांक. एवढ्या कमी सरासरी वयाच्या संघाने विभागात अग्रस्थान मिळवण्याची ती पहिलीच वेळ होती. सुरुवातीला उतरणाऱ्या पाच जणांत वयाने सर्वांत थोरला होता शाय गिल्जस-अलेक्झांडर, आणि तोही त्या वेळी पंचवीस वर्षांचाच होता.

माझे बोलणे संपल्यावर एका मुलाने विचारले, "सर, ते तर ड्राफ्टसाठी, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत आधीची पाळी मिळावी म्हणून, मुद्दाम हरत होते म्हणतात. मग आपण कशासाठी हरतो आहोत?" मला त्याला नीट उत्तर देता आले नाही आणि ते अजूनही मनाला लागून राहिले आहे.

म्हणून जाणकारांना विचारतो. थंडरच्या त्या दोन-तीन वर्षांत असे काय घडत होते, जे गुणतक्त्यात दिसत नव्हते आणि २०२३-२४ मध्ये एकदम दिसले? आणि ज्या गावात ना ड्राफ्ट आहे ना पैसा, तिथल्या प्रशिक्षकाने त्यातले काय उचलावे?

तिसरी_पास

आपल्या विद्यार्थ्याचा प्रश्न अतिशय योग्य आहे आणि त्याला सरळ उत्तर मिळायला हवे.

खराब हंगामानंतर ड्राफ्टमध्ये वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता वाढते, हे खरे. चेट होल्मग्रेन २०२२ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर मिळाला, तो या पराभवांमुळेच. परंतु २०२३-२४ च्या संघातील खेळाडू कुठून आले हे एकेकाचे नाव घेऊन पाहिले, तर "हरले म्हणून तारे मिळाले" ही गोष्ट अपुरी पडते. शाय ड्राफ्टमधून आलाच नव्हता. जुलै २०१९ मध्ये पॉल जॉर्जला लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे पाठवताना महाव्यवस्थापक सॅम प्रेस्टी यांनी गॅलिनारी हा खेळाडू, ड्राफ्टच्या पहिल्या फेरीच्या पाच निवडी आणि दोन निवडींच्या अदलाबदलीचा हक्क यांच्यासोबत हा वीस वर्षांचा मुलगा मागून घेतला होता. क्लिपर्सकडून मिळालेल्या त्या निवडींपैकी एक २०२२ मध्ये बाराव्या क्रमांकावर आली आणि तिच्यातून जेलन विल्यम्स मिळाला, तोही सांता क्लारा या बास्केटबॉलसाठी फारशा न गाजलेल्या विद्यापीठातून. लुगेंट्झ डॉर्टला २०१९ च्या ड्राफ्टमध्ये कोणीही निवडले नव्हते. आरन विगिन्स २०२१ मध्ये पंचावन्नावा होता. आयझाया जोला फिलाडेल्फियाने ऑक्टोबर २०२२ मध्ये संघातून मोकळे केले आणि थंडरने त्याला घेतले. वर्षभरानंतर, संपूर्ण लीगमध्ये तीन गुणांच्या फेकांची टक्केवारी ज्या संघाची सर्वाधिक होती, त्या संघातील तो एक प्रमुख फेकी होता.

पंचावन्नावा खेळाडू आणि कोणीच न घेतलेला खेळाडू हे दोघे अव्वल संघात कसे टिकतात? माझ्या मते त्या पराभवाच्या वर्षांचे उत्तर इथे आहे. त्या वर्षांत त्यांना खरी मिनिटे मिळाली. जिंकण्याच्या घाईत असलेला संघ चुकणाऱ्या तरुणाला बाकावर बसवतो आणि त्याच्या जागी तिशीतला भरवशाचा खेळाडू उतरवतो. थंडरने ती घाई केली नाही. डॉर्ट प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम खेळाडूला रोज अंगावर घेत राहिला, त्याच्या फेका चुकत राहिल्या तरी घेत राहिला, आणि पुढे त्याच फेका पडू लागल्या.

दुसरी गोष्ट प्रशिक्षकाची. मार्क डेगनॉल्ट नोव्हेंबर २०२० मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले तेव्हा पस्तीस वर्षांचे होते आणि त्याआधी पाच हंगाम त्यांनी याच संस्थेचा दुय्यम संघ, ओक्लाहोमा सिटी ब्लू, सांभाळला होता. त्यामुळे खालून वर येणाऱ्या मुलाला नवा खेळ शिकावा लागत नव्हता. चेंडू हातात आला की थांबायचे नाही, ताबडतोब पास, ड्राइव्ह (चेंडू घेऊन रिंगकडे मुसंडी) किंवा फेक यांपैकी एक निवडायचे, उंच खेळाडूनेही बाहेर येऊन चेंडू हाताळायचा, ही सवय वरच्या आणि खालच्या दोन्ही संघांत एकच होती. होल्मग्रेनचे उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२२ मध्ये सिएटलच्या एका हौशी सामन्यात त्याच्या पायाला दुखापत झाली आणि पहिला संपूर्ण हंगाम गेला. त्या वर्षी तो संघासोबतच राहिला, आणि २०२३-२४ मध्ये उतरला तो ८२ पैकी ८२ सामने खेळला. चाळीस विजयांवरून सत्तावन्नावर नेणारी मोठी भर त्याचीच होती, कारण रिंगपाशी फेक अडवणारा आणि बाहेरून तीन गुण घेणारा सात फुटी खेळाडू त्यांच्याकडे त्याआधी नव्हताच.

आपल्या मुलाला मी एवढेच सांगेन, की थंडर ड्राफ्टसाठी हरत होते की नाही यावर मोठ्यांना भांडू द्यावे; मैदानावर उतरलेला डॉर्ट मात्र एकही सामना हरण्यासाठी खेळत नव्हता.

जुनी_स्कोअरशीट

वरील प्रतिसादातील माहिती बिनचूक आहे. निष्कर्षाशी मात्र मी पूर्ण सहमत नाही, आणि मुलांसमोर बोलताना आपण सर्वांनी थोडे जपून बोलावे असे मला मनापासून वाटते.

पराभवाची वर्षे म्हणजे गुंतवणूक, हे विधान थंडरच्या बाबतीत खरे ठरले म्हणून आपण ते करतो. फिलाडेल्फियाने हाच मार्ग त्याहून कठोरपणे चोखाळला होता. २०१५-१६ मध्ये त्यांनी ८२ पैकी केवळ १० सामने जिंकले, त्यातून पुढे चांगले खेळाडूही मिळाले. परंतु तेव्हापासून बाद फेरीचा दुसरा टप्पा त्यांना ओलांडता आलेला नाही. लीगलाही हा प्रकार मान्य नाही. २०१९ पासून सर्वांत खालच्या तीन संघांना पहिल्या निवडीची संधी सारखीच, चौदा टक्के, ठेवली आहे, जेणेकरून तळाशी जाण्याची चढाओढ कमी व्हावी. एप्रिल २०२३ मध्ये हंगामाच्या अखेरीस प्रमुख खेळाडूंना बसवल्याबद्दल डॅलसला साडेसात लाख डॉलरचा दंड झाला. त्यांना बसवण्याचे कारण असे, की ड्राफ्टमधली आपली निवड पहिल्या दहांत राहिली तरच त्यांना ती स्वतःकडे ठेवता येणार होती. ती निवड राहिली. दहाव्या क्रमांकावर निवडलेला केसन वॉलेस त्यांनी थंडरला दिला आणि बदल्यात बाराव्या क्रमांकावरून डेरेक लाइव्हली हा उंच खेळाडू घेतला. वर्षभराने त्याच लाइव्हलीसह डॅलसने थंडरला बाद फेरीतून बाहेर काढले. हे सगळे मोठ्यांच्या कारभारातले डावपेच आहेत. चौदा वर्षांच्या मुलाच्या पराभवाशी त्यांचे काही नाते नाही.

मुळात हरण्याची सवय लागते. मी अनेक वर्षे शालेय सामन्यांत टेबलवर बसून गुण लिहिले आहेत. सतत मोठ्या फरकाने हरणारा संघ तिसऱ्या क्वार्टरमध्ये परत बचावाला धावायचे थांबतो, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे, की त्याला मी नियमच मानतो. मग ती मुले पुढच्या वर्षी उंच होतात, बलवान होतात, पण परत धावत नाहीत. थंडरच्या तरुणांना पगार होता, तज्ज्ञ होते, आहारतज्ज्ञ होते. आपल्या मुलांना सकाळचा सराव आटोपून साडेआठची शिकवणी गाठायची असते.

तुलनाच करायची असेल तर मी डेट्रॉईटची करेन. २०२३-२४ मध्ये, म्हणजे थंडर शिखरावर असतानाच, डेट्रॉईट सलग २८ सामने हरले आणि हंगामात फक्त १४ जिंकले. पुढच्याच वर्षी ४४. केड कनिंगहॅम आणि इतर तरुण तेच होते. बदलले काय? नवे प्रशिक्षक जे. बी. बिकरस्टाफ आले, आणि टोबायस हॅरिस, टिम हार्डअवे, मलिक बीझली यांच्यासारखे जाणते खेळाडू भोवती उभे केले गेले. तरुणांना सोबत हवी असते. आपल्या मैदानावरून बारावीसाठी गेलेल्या मुलांपैकी दोघांना परीक्षेनंतर आठवड्यातून एकदा सरावाला बोलावता आले, तर ते थंडरच्या कोणत्याही गोष्टीपेक्षा जास्त उपयोगी ठरेल.

तिसरी_पास

हरण्याची सवय लागते, हा आपला मुद्दा मान्य आहे, आणि तो मी आधी मांडायला हवा होता. सोबतीबद्दल मात्र एक जोड देतो. थंडरनेही फेब्रुवारी २०२४ मध्ये शार्लटहून गॉर्डन हेवर्ड हा तिशी ओलांडलेला नामांकित खेळाडू आणला होता. तो संघात बसलाच नाही, आणि बाद फेरीत त्याच्या नावावर एकही गुण लागला नाही. अनुभवी माणूस संघाच्या कोणत्या उणिवेसाठी आणला जातो आहे, हे आधी ठरलेले असावे लागते.

जामठ्याचा_प्रेक्षक

मी मूळचा क्रिकेटचा माणूस आहे, पण मुलामुळे गेली काही वर्षे बास्केटबॉलही पाहतो. वरच्या चर्चेत थंडरच्या त्या हंगामाचा शेवट अजून नीट आलेला नाही, आणि माझ्या दृष्टीने खरा धडा तिथेच आहे.

पहिल्या फेरीत न्यू ऑर्लिन्सला ४-० असे हरवल्यानंतर दुसऱ्या फेरीत त्यांची गाठ डॅलसशी पडली. सहावा सामना आपल्याकडे रविवारी, १९ मेच्या पहाटे होता. सतरा गुणांची आघाडी गेली होती, तरी अखेरच्या क्षणी थंडर एका गुणाने पुढे होते. अडीच सेकंद उरले असताना पी. जे. वॉशिंग्टनने तीन गुणांसाठी फेक केली आणि शायचा हात त्याला लागला. त्या फाउलबद्दल मिळालेल्या, प्रत्येकी एका गुणाच्या फ्री थ्रोंपैकी पहिले दोन आत गेले आणि ११७-११६ अशा निकालाने हंगाम संपला. संघातील सर्वोत्तम खेळाडूच्या चुकीवर तो संपला, हे पाहताना माझा मुलगा रडला होता.

परंतु ती मालिका त्या एका फाउलवर गेलेली नव्हती. वर्षभर रिबाउंडमध्ये, म्हणजे हुकलेल्या फेकीचा चेंडू मिळवण्यात, थंडर तळाच्या संघांत होते, आणि डॅलसच्या उंच खेळाडूंनी तेच हेरले. शिवाय जॉश गिडी बाहेरून फेकेल याची धास्ती न वाटल्याने त्याच्यावरचा बचावपटू त्याला मोकळा सोडून आत जाऊन उभा राहत असे. पाचव्या सामन्यापासून गिडीला सुरुवातीच्या पाचांतून काढावे लागले. हंगाम संपल्यावर संस्थेने ही दोन्ही दुखणी जशीच्या तशी मान्य केली. जूनमध्ये गिडीला शिकागोला देऊन अॅलेक्स कारूसो हा बचावात मुरलेला खेळाडू घेतला आणि जुलैमध्ये न्यू यॉर्कहून आयझाया हार्टनस्टाईन हा रिबाउंड घेणारा मोठा खेळाडू आणला. सत्तावन्न सामने जिंकलेल्या संघात बदल करणे सोपे नसते. पुढच्या हंगामात नोव्हेंबरमध्येच होल्मग्रेनच्या कमरेचे हाड मोडून तो तीन महिने बाहेर बसला, तरीही त्यांनी ६८ सामने जिंकले. बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात समोर मेम्फिस होते, तेच ७३ गुणांनी हरवणारे, आणि या वेळी थंडरने त्यांना १३१-८० असे हरवले. २२ जून २०२५ रोजी इंडियानाविरुद्धचा सातवा सामना १०३-९१ जिंकून ते विजेते झाले, १९७७ च्या पोर्टलंडनंतरचे सर्वांत तरुण.

नागपूरकरांना हे सगळे ओळखीचे वाटावे. मार्च २०२४ मध्ये रणजीच्या अंतिम सामन्यात ५३८ धावांचा पाठलाग करताना अक्षय वाडकरने शतक केले, हर्ष दुबेने ६५ धावा केल्या, आणि तरीही विदर्भ वानखेडेवर मुंबईकडून १६९ धावांनी हरला. पुढच्या हंगामात त्याच मुंबईला उपांत्य सामन्यात ८० धावांनी नमवून आपण अंतिम फेरीत गेलो आणि जामठ्यात केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक घेतला. त्या हंगामात दुबेने ६९ बळी घेतले, जे रणजीच्या एका हंगामात त्याआधी कोणालाही जमले नव्हते. करुण नायर कर्नाटकातून आलेला, तर दानिश मालेवार इथलाच कोवळा मुलगा; अंतिम सामन्यात दोघांनीही शतके केली. वानखेडेवर हरलेल्या संघाला कोणी मोडीत काढले नाही; कोण कशात कमी पडले ते पाहून पुढच्या वर्षी त्याच मुलांना पुन्हा उभे केले.

एका_खेळाडूची_आई

मला खेळातले बारकावे फार कळत नाहीत, पण प्रशिक्षक सरांनी विचारले आहे म्हणून पालकांच्या बाजूचे लिहिते. माझी मुलगी नववीत आहे आणि दुसऱ्या एका मैदानावर खेळते.

आम्ही पालक सामना हरल्याने नाराज होत नाही. मुलगी रोज पाच वाजता उठते, मी तिच्याआधी उठते, आणि सामन्याच्या दिवशी ती चाळीस मिनिटांतली दोन मिनिटे खेळते. का, हे आम्हाला कोणी सांगत नाही, याचे वाईट वाटते. दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, पण त्यांसाठी कोणी एवढे करत नाही, सर. तिला काय येत नाही आणि ते यायला किती दिवस लागतील, एवढे एखाद्या प्रशिक्षकाने बसून सांगितले, तर दहावीच्या वर्षीही तिचे मैदान सोडवावे असा विचार माझ्या मनात येणार नाही. वर त्या डॉर्टबद्दल वाचले. त्याला त्याचे काम ठाऊक होते, असे दिसते.

पहाटसराव, नागपूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रात्री हे सारे पुन्हा वाचले आणि माझ्या जुन्या स्कोअरबुकात गेल्या हंगामाचे सामने उघडून बसलो.

आधी एक कबुली द्यायला हवी. एकेचाळीस गुणांनी हरलो त्या सामन्यात मी शेवटच्या क्वार्टरपर्यंत सात मुलांनाच खेळवले होते. बाकीची पाच मुले सामना हातचा गेल्यावर आत गेली. म्हणजे हरण्याच्या वर्षाचा जो एकमेव फायदा होता, मुलांना खरी मिनिटे देण्याचा, तोही मी घेतला नाही. फरक अडतीसवर थांबावा म्हणून धडपडत राहिलो. मुलाने मला विचारलेला प्रश्न याच ठिकाणी बोट ठेवत होता, हे आज कळते.

जुनी_स्कोअरशीट यांनी तिसऱ्या क्वार्टरबद्दल जे लिहिले आहे, ते माझ्या वहीतही दिसते. सात सामन्यांपैकी पाचांत आमचे सर्वाधिक नुकसान मध्यंतरानंतरच्या पाच-सहा मिनिटांत झाले आहे. बारावी आटोपलेल्या दोन मुलांना मी आजच फोन केला. एकजण रविवारी यायला तयार आहे. तो आमचा सर्वांत चांगला रिबाउंडर होता आणि त्याला मी तेच एक काम देणार आहे: फेक झाली की आधी आपल्या माणसाला पाठ लावून अडवायचे, मग चेंडूकडे पाहायचे, हे लहान मुलांच्या अंगवळणी पाडायचे.

ताईंचे पत्र वाचून मी एक कोरी वही आणली. बारा मुलांची बारा पाने केली आहेत. प्रत्येक पानावर त्या मुलाचे सामन्यातले एकच काम लिहितो आहे आणि शनिवारी सरावानंतर एकेकाच्या पालकांना पंधरा मिनिटे बसवून ते पान दाखवणार आहे. आठ पाने लिहून झाली. ज्याने तो प्रश्न विचारला, त्या मुलाचे पान अजून कोरे आहे, कारण तो नेमका कशात चांगला आहे हे मला लिहिता येईना. गेल्या हंगामात मी त्याला पुरेसे खेळताना पाहिलेच नाही. येत्या मैत्रीपूर्ण सामन्यात तो दुसऱ्या क्वार्टरची पूर्ण दहा मिनिटे खेळेल. त्यानंतर त्याचे पान भरेन आणि काय दिसले ते इथे लिहीन.